स्टीव्हन्स की विल्यम्स: आधी कुणाला वाचायचं?

भाची बँकेत लागली, रात्री कविता करते. तिचा प्रश्न: नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या अमेरिकन कवींपैकी आधी वॉलेस स्टीव्हन्स वाचू की विल्यम कार्लोस विल्यम्स?

पोटापाण्याचं बघायचं तर स्टीव्हन्स वकील. हार्टफर्डच्या विमा कंपनीत होता, १९३४ पासून उपाध्यक्ष. गाडी चालवायचा नाही; पायी ऑफिसला जाता-येता मनात ओळी जुळवायचा. विल्यम्स न्यू जर्सीतल्या रदरफर्डचा डॉक्टर. बाळंतपणं, रात्री-अपरात्रीच्या व्हिजिटा, आणि मधे सापडेल त्या वेळात प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर खरडलेली कविता.

सवड? स्टीव्हन्सचं पहिलं पुस्तक ‘हार्मोनियम’ १९२३ साली, चाळिशी उलटल्यावर आलं. दुसऱ्याला आणखी बारा वर्षं! विल्यम्स मात्र १९०९ पासून छापत राहिला. पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार दोघांनाही उशिराच: स्टीव्हन्सला १९५५ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, विल्यम्सला १९६३ मध्ये, मृत्यूनंतर.

वाचायला सोपा विल्यम्स. त्याची लाल हातगाडीची कविता मूळ इंग्रजीत अवघ्या १६ शब्दांची: पावसाने चकाकणारी एकचाकी गाडी, शेजारी पांढऱ्या कोंबड्या. बस्स. (मला पहिल्यांदा वाटलं, छापताना पान गळलं.) स्टीव्हन्स डिक्शनरी मागतो, तो आधी मोठ्यांदा वाचावा, अर्थाचं नंतर बघावं.

काउंटरवरची माणसं कवितेत आणायची असतील तर विल्यम्स घे. ऑफिस दाराबाहेर ठेवून लिहायचं असेल तर स्टीव्हन्स.