जेथ्रो टलचा 'थिक ॲज अ ब्रिक': चेष्टेत केला न् जबरदस्त झाला

प्रोग रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, म्हणलं की आपल्याकडची पोरं पिंक फ्लॉईडवरच थांबतात, त्यांनी जेथ्रो टल या ब्रिटिश बँडचा हा 1972 चा अल्बम एकदा ऐकाच. गाणं एकच, जवळपास 44 मिनिटांचं, रेकॉर्डला दोन बाजू असतात म्हणून तेवढं मधी तुटलंय.

झालं असं की 1971 ला यांचा 'ॲक्वालंग' आला, समीक्षक त्याला कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे सगळी गाणी एकाच कल्पनेत बांधलेला, म्हणायले, बँडचा गायक न् बासरीवाला इयान अँडरसन सांगायला की नाही बाबा, सुटी गाणी आहेत ती, पण ऐकतंय कोण. मग यानं म्हणलं घ्या आता. जेराल्ड बोस्टॉक नावाचं आठ वर्षांचं पोरगं मनानंच काढलं, सगळी कविता त्याचीच असं ठोकून दिलं, आन कव्हर म्हणून 12 पानांचा खोटा गावपेपर छापला, पोराला दिलेलं बक्षीस परत काढून घेतल्याची बातमी, शब्दकोडं, सगळं त्यात. ही टिंगल अमेरिकेत एक नंबरला गेली राव! मोबाईलवर ऐकणाऱ्याला तो पेपर काय मिळत नाही, नेटवर फोटो शोधून वाचा, लई हसाल.

सुरुवात अकूस्टिक गिटार न् बासरीनं, निवांत वाटतं, जरा टेकून बसावं तर मार्टिन बारचं इलेक्ट्रिक गिटार अंगावरच येतं, मागं जॉन इव्हनचा ऑर्गन, आणि ड्रमवर बॅरीमोर बार्लो, बँडसोबतचा त्याचा पहिलाच अल्बम, पण ताल मोजायला गेलं की आपणच चुकतो. बासरी ऐकताना हरिप्रसादजी डोक्यात ठेवू नका, हा अँडरसन गडी फुंकता फुंकता गुरगुरतो. कीर्तनकार कसा एकच अभंग घेऊन कुठं कुठं फिरून येतो आन परत त्याच चरणावर उभा राहतो, तसं हे सुरुवातीचं गिटार शेवटी परत येतं तेव्हा काटा येतो अंगावर.

शब्द मात्र अवघड, बाप-पोरगा, मोठी माणसं, समाज असं कायकाय आहे, निम्मं डोक्यावरून जातं. दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच ड्रम सोलो आन नंतरचा गोंधळ, ते मला आजपण पटत नाही, ओढल्यासारखं वाटतं.

मी परभणीहून नांदेडला जाताना रेल्वेत लावतो, पूर्णेच्या आसपास बाजू बदलते, नांदेड यायच्या आत संपतो, बरोबर बसतंय. शेजारच्यानं विचारलं काय ऐकायलास तर सांगत बसू नका, मधीच तुटलं की गेलं सगळं.

2012 ला स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकारानं नव्यानं मिक्स केलेला आलाय, तोच घ्या, एकेक वाद्य सुटं ऐकू येतं. आणि फुकटच्या ॲपवर तर लावूच नका, पहिली बाजू हळूहळू विरत जाते आन नेमकी तिथंच कुठल्यातरी लोनची जाहिरात बोंबलते.