‘सात दिवस हात लावू नका’: पिकअपच्या हौद्याला मारलेल्या खोट्या कोटिंगची हकीगत

माझी पिकअप २०१४ सालची आहे. पावसाळा सरला की जांभ्याचे चिरे आणि मार्च लागला की आंब्याच्या पेट्या, असं तिचं वर्ष जातं. चिऱ्याची धार ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, एका हंगामात हौद्याचा रंग पार खरवडून निघतो. त्यात आमची कोकणातली खारी दमट हवा. पत्रा उघडा पडला की गंज चढलाच. दर दोन वर्षांनी रंग काढून कंटाळलो होतो. परदेशात पिकअपच्या हौद्याला दाणेदार काळं कोटिंग मारतात, ते वर्षानुवर्षं टिकतं, हे वाचून होतो आणि ते खरंही आहे. म्हणूनच मी गळाला लागलो.

जानेवारीत मोबाईलवर जाहिरात आली. हौद्यावर हातोडा मारतात, साखळी ओढतात, ओरखडा नाही. ‘टू-के पॉलियुरेथेन, घरच्या घरी मारा.’ टू-के म्हणजे रंग आणि तो घट्ट करणारा हार्डनर, असे दोन भाग मिसळून मारायचा माल. व्हॉट्सॲपवर विचारलं तर माणूस अगदी आदबीने बोलला. नऊ फुटी हौद्याला किती लागेल, याचा हिशोबसुद्धा त्यानेच करून दिला. रंगाच्या चार बाटल्या, चार हार्डनर आणि फवारायची गन मिळून ७६०० रुपये. आधी यूपीआय केलं तर ८०० कमी. केबिनपण काळी करू का, म्हणून विचारलं तर म्हणाला, बिनधास्त करा, आरटीओचा काही प्रश्न येत नाही. हे साफ खोटं होतं. गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो आणि तो बदलायचा तर आरटीओकडून नोंद करून घ्यावी लागते. एक गोष्ट तो खोटं सांगतोय हे मला तेव्हाच कळलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. मी फक्त केबिनचा विचार सोडला आणि पैसे पाठवले.

पार्सल आलं. बाटल्यांवर चकचकीत लेबल, पण कंपनीचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, बॅच नंबर नाही, तक्रारीचा फोन नाही. आपल्याकडे पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन किंवा माप, महिना-वर्ष, किंमत आणि ग्राहकाने तक्रार कुठे करायची ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे. बिस्किटाच्या पुड्यावर असतं ते सगळं. साडेसहा-सात हजारांच्या मालावर नव्हतं आणि मी ते पाहिलं नाही. आत एक मराठी कागद होता. त्यातलं ठळक वाक्य असं: ‘कोटिंग पूर्ण घट्ट व्हायला सात दिवस लागतात. तोपर्यंत हात लावू नका, नखाने उकरू नका, पाणी लागू देऊ नका.’ आणि पैसे परत मिळण्याची मुदत किती? माल मिळाल्यापासून सात दिवस.

ही गोष्ट मला सगळ्यांना नीट समजावून सांगायची आहे, कारण सगळी फसवणूक इथेच आहे. खरं टू-के कोटिंगही पूर्ण घट्ट व्हायला काही दिवस घेतं. विक्रेत्याने खरी गोष्ट उचलली आणि तिच्या आडोशाला आपला खोटा माल ठेवला. तुम्ही प्रामाणिकपणे सूचना पाळलीत की मुदत आपोआप संपते.

आम्ही मात्र मेहनत मनापासून केली. भाच्याने ड्रिलला तारेचा ब्रश लावून गंज काढला, मी १८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळा हौदा आणि फाळका घासला, पुसला, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर दिला. कॉम्प्रेसर भाड्याने आणला. बाटलीत तीन भाग रंग, त्यात एक भाग हार्डनर, दोन मिनिटं हलवायचं आणि मारायचं. हार्डनर पाण्यासारखा पातळ होता, वास सरळ थिनरचा. दोन हात मारले. संध्याकाळी उन्हं कलताना हौदा इतका देखणा दिसत होता की शेजारचे दोघे येऊन नंबर घेऊन गेले. त्या दोघांना मीच नंबर दिला, याचं मला अजून वाईट वाटतं. सुदैवाने त्यांनी माल मागवला नव्हता.

रंग उरला तो प्लास्टिकच्या मगात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काडी घालून पाहिली तर काडी सहज फिरली. रंग होता तसाच पातळ. मला बरं वाटलं, म्हटलं वाया गेला नाही, कुठे राहिलं असेल तिथे मारू. खऱ्या टू-के मालात हार्डनर पडला की आतल्या आत रासायनिक क्रिया सुरू होते, ती थांबवता येत नाही. भांड्यातला उरलेला रंग काही तासांत घट्ट होतो आणि सकाळी त्याचा दगड झालेला असतो, भांडं फोडलं तरच तो बाहेर येणार. माझ्या हातात पुरावा होता आणि मुदतीचे पाच दिवसही शिल्लक होते.

फेब्रुवारी थंडीत निघून गेला, काही कळलं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी बागेतून पेट्या भरल्या. खालच्या थराची एक पेटी जागेवरून सरकवायला गेलो तर ती सरकेना. जोर लावून उचलली तेव्हा चर्र आवाज आला आणि फळीबरोबर काळ्या तारा लांब ओढल्या गेल्या, गरम गुळाच्या पाकाला येतात तशा. बोट लावलं तर बोट काळं. वास डांबराचा. माल सकाळी वाशीला पोचायचा होता, गाडी रिकामी करायला वेळ नव्हता. खाली ताडपत्री टाकून निघालो. फळ बाजारात व्यापाऱ्याने खालच्या थरातल्या १४ पेट्या बाजूला काढल्या. एक उघडून आंबा नाकाशी नेला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. हापूसला डांबराचा वास येत होता. तो माल बागवाल्याचा होता, माझा नव्हता. भरपाई मी दिली, पण मला लाज वाटली ती पैशांची नव्हे. वर्षभर झाडं जपणाऱ्या माणसाचं फळ माझ्या गाडीत नासलं.

परत आल्यावर गावातल्या पेंटरकाकांना बोलावलं. त्यांनी फडक्यावर थिनर घेतला आणि हौद्यावर चार वेळा घासला. फडकं काळंकुट्ट. म्हणाले, “अरे, हे गाडीच्या पोटाखाली मारतात ते अंडरबॉडी कोटिंग आहे. डांबराचं. खाली सावलीत ते चांगलं राहतं, उन्हात माल ठेवायला नाही.” मग त्यांनी विचारलं, मारताना तोंडाला काय बांधलं होतंस? भाच्याने रुमाल दाखवला. काका एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. खऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फवाऱ्यातून छातीत गेलं की दमा जडू शकतो, त्याला रुमाल किंवा साधा मास्क चालत नाही. ‘घरच्या घरी मारा’ म्हणणाऱ्याने मास्कचा म सुद्धा काढला नव्हता. कुणी अस्सल माल आणणार असेल तर कृपा करून हे आधी वाचा, आणि पोराबाळांना जवळ उभं करू नका.

विक्रेत्याचा फोन बंद. पार्सलवरचा पत्ता शोधला, तो निघाला कुरिअर बुकिंगचा गाळा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन दोन महिने होऊन गेले होते. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा तिकडेही जाणार आहे. अडचण एकच, नोटीस पाठवायला समोरच्याचा खरा पत्ता हवा. म्हणून म्हणतो, लेबलावर पत्ता नसेल तर बाटलीचं बूचसुद्धा उघडू नका. आणि पत्ता असला तरी आधी डब्याच्या झाकणात चमचाभर रंग हार्डनर घालून कालवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तो दगड झाला तर पुढे जा. जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर एक हात मारून तो दोन दिवसांनी उन्हात तापवा, आणि मुदतीच्या आत थिनरचं फडकं घासून बघा.

ते कोटिंग काढायला तीन दिवस गेले. रॉकेल, पत्री, पुन्हा तारेचा ब्रश. कोपऱ्यातल्या सांध्यात पाणी शिरून आत साचून राहिलं होतं, तिथे पत्र्याला बोट जाईल एवढं भोक पडलेलं मिळालं. वेल्डिंग करून घेतलं. सध्या गाडी नुसत्या प्रायमरवर, खाली रबरी चटई टाकून चालते आहे.

हार्डनरची एक न फोडलेली बाटली, तो छापील कागद आणि काळा झालेला पेटीचा तळ मी पडवीत ठेवला आहे. कुणाला तसाच माल आला असेल आणि ताडून बघायचा असेल, तर मी प्रत्येक लेबलाचे फोटो पाठवीन.