आन्की : सव्वादोन वर्षांच्या उजळणीनंतर

आन्की हे पाठ करायच्या गोष्टी प्रश्नोत्तरांच्या कार्डांवर साठवून ती कार्डे ठरावीक दिवसांनी पुन्हा समोर आणणारे सॉफ्टवेअर आहे. या जपानी शब्दाचा अर्थच ‘पाठांतर’ असा आहे, आणि डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये ते तयार केले तेही स्वतः जपानी शिकत असताना. मी ते जर्मन शब्दांसाठी सव्वादोन वर्षे वापरतो आहे. हा अवधी मुद्दाम सांगतो, कारण ज्या साधनाची सारी मदार महिन्यांनी आणि वर्षांनी परत येणाऱ्या कार्डांवर आहे, त्याचे परीक्षण पहिल्या आठवड्यात लिहिणे म्हणजे पेरणी उरकताच पिकाचा आकडा सांगण्यासारखे आहे. पहिल्या आठवड्यात मीही ते लिहिले असते, आणि त्यात निव्वळ कौतुक असते.

यामागचे तत्त्व जुने आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, काही काळ जाऊ दिला, आणि त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात याची मोजदाद करून ती १८८५ मध्ये प्रसिद्ध केली. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि पुढे मंदावतो. त्यांचे दुसरे निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. बारा अक्षरसमूहांची यादी एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जेवढी पक्की होई, जवळपास तेवढीच ती तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांत होई. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये यावरून कागदी कार्डांची आणि खणांच्या पेटीची रीत मांडली, प्योत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये तिच्यासारखे काम संगणकाकडे सोपवले, आणि आन्कीचा हिशेब वोझ्नियाक यांच्याच सूत्रावरून सुरू झाला.

प्रत्यक्ष वापर अगदी साधा आहे. पडद्यावर ‘काटा’ हा शब्द येतो, मी मनात उत्तर जुळवतो, कळ दाबून उलट बाजू पाहतो आणि ‘अगेन’, ‘हार्ड’, ‘गुड’ किंवा ‘ईझी’ यांपैकी एक बटण दाबतो. जर्मन भाषेत चमचा पुल्लिंगी आहे, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी: डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. मराठी माणसाला तीन लिंगांचे नवल नाही. पण चमचा आपल्यासारखाच पुल्लिंगी निघतो आणि काटा मात्र दगा देतो, तेव्हा आपल्या भाषेची सवयच आडवी येते. ‘गाबेल’चे हे कार्ड घातल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी ते सहा वेळा चुकलो. त्यातल्या किमान दोन वेळा मी ‘अगेन’ दाबण्याऐवजी ‘हार्ड’ दाबले, कारण शब्द आठवला होता, फक्त लिंग चुकले होते, आणि एवढे चालायला हरकत नसावी असे मनाने परस्पर ठरवून टाकले. ‘हार्ड’ हे बटण उत्तर कष्टाने का होईना बरोबर आठवले तर दाबायचे असते. इथे उत्तरपत्रिका लिहिणारा आणि तपासणारा एकच असल्यामुळे ही सवलत रोज मिळू शकते, आणि त्यामुळे कार्ड दूरच्या तारखेला जाऊन पडते व तिथे पुन्हा चुकते.

उत्तर पाहण्याआधी स्वतः आठवून पाहण्याची ही तीन-चार सेकंदे हाच या अ‍ॅपचा गाभा आहे. रोएडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा एकदा वाचल्यावर काहींनी तो पुन्हा वाचला आणि काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के मजकूर राहिला होता आणि वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. ज्याने काम सोपे वाटते त्याने ते टिकतेच असे नाही, हे इतक्या नेटकेपणाने दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. घाईत असलो की मी उत्तर पटकन उलटून ‘हो, हे येत होतेच’ असे म्हणतो. तो दिवस अ‍ॅपच्या लेखी उजळणीचा असतो आणि माझ्या लेखी वाया गेलेला.

चिकाटीच्या बाबतीत आन्कीची रचना कोरडी आहे आणि मला ती तशीच आवडते. नाणी, बक्षिसे, रागावणारे पक्षी असले काही नाही. आज किती कार्डे झाली आणि त्याला किती वेळ लागला याची एक ओळ दिसते, आणि आकडेवारीच्या पानावर एकूण दिवसांपैकी किती दिवस अभ्यास झाला त्याचे प्रमाण दिसते. शिक्षा मात्र रचनेतच आहे. नव्याने कार्डे सुरू करणाऱ्याला रोज वीस नवी कार्डे मिळतात. वीस शब्द म्हणजे फार नव्हे असे वाटते, पण दीड-दोन महिन्यांत त्या वीसांमागे माझ्याकडे रोज दीडशेच्या आसपास जुनी कार्डे उजळणीला येऊ लागली. मग तापामुळे अकरा दिवस खंड पडला आणि बाराव्या दिवशी हजाराच्या वर कार्डे थकली होती. ती एका रविवारी संपवण्याचा मी प्रयत्न केला, साडेतीनशेच्या पुढे डोके चालेना, आणि पुढचे तीन दिवस अ‍ॅप उघडलेच नाही. शेवटी नवी कार्डे पूर्ण बंद ठेवून, रोज शंभरप्रमाणे थकबाकी फेडली. आता रोज आठच नवे शब्द घेतो. उत्साहाच्या दिवशी घेतलेले शब्द कंटाळ्याच्या दिवशी फेडावे लागतात, हे कुठल्याही मदतपुस्तिकेपेक्षा त्या थकबाकीने मला नीट शिकवले.

आता उपजत कुवतीविषयी, कारण ती या अ‍ॅपमध्ये अनपेक्षितपणे उघडी पडते. २०२३ मध्ये आलेल्या २३.१० या आवृत्तीपासून आन्कीत एफएसआरएस ही नवी हिशेबपद्धत निवडता येते. ती तुमच्या आजवरच्या उत्तरांवरून तुमच्या विसरण्याचा वेग ताडते आणि ठरावीक प्रमाणात, मूळ मांडणीत ९० टक्के, कार्डे आठवतील अशा बेताने पुढच्या तारखा लावते. माझी एक सहकारी आणि मी एकाच आठवड्यात, एकाच संचावर सुरुवात केली होती. वर्षभराने दोघांनी आपापल्या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा तिची कार्डे माझ्या जवळपास दुप्पट अंतराने येत होती. तेवढेच शब्द टिकवायला तिला रोज बारा मिनिटे लागत होती आणि मला पंचवीस. एखाद्या कथेत अशी हुशार व्यक्ती मध्येच सोडून देते आणि कष्टाळू मनुष्य तिला गाठतो. तसे काही झालेले नाही. ती रोज बसते, माझ्या पुढे आहे, आणि मी तिला गाठेन असे दिसत नाही.

मला याचे वाईट वाटायला हवे होते, पण आकडा समोर आल्यावर उलट हायसे वाटले. तोवर मी तिच्या बारा मिनिटांच्या मापाने स्वतःला मंद समजत होतो. पंचवीस हे माझे माप आहे हे कळल्यावर दिवसाची आखणी सोपी झाली. सराव सगळा फरक भरून काढतो असा जो समज आहे त्याला संशोधनाचाही पाठिंबा नाही. मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ८८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकापैकी हेतुपूर्वक केलेल्या सरावाने संगीतात सुमारे २१ टक्के आणि शिक्षणात अवघा ४ टक्के फरक उलगडत होता. हे आकडे माणसांमधल्या तफावतीविषयी आहेत, एका माणसाने सराव केल्याने तो किती सुधारतो याविषयी नाहीत. सराव सोडण्याचे निमित्त शोधणारे ही बाब सोयीने विसरतात.

माझी खरी फसगत तिसऱ्याच ठिकाणी झाली आणि तिला अ‍ॅप जबाबदार नाही. पहिले आठ महिने मी जर्मन शब्द पाहून मराठी अर्थ आठवण्याचीच कार्डे केली. रोजची उजळणी होत होती, बरोबर उत्तरांचे प्रमाण नव्वदच्या वर होते, आकडेवारीचे पान पाहून समाधान वाटत होते. मग एका जर्मन माणसाशी दहा मिनिटे बोलण्याचा प्रसंग आला आणि एक धड वाक्य तोंडून निघेना. वाचताना ओळखीचे असलेले दोन हजार शब्द बोलायच्या वेळी जिभेवर येईनात, कारण त्या दिशेने मी त्यांना एकदाही बोलावले नव्हते. त्यानंतर स्मरणशक्तीवरचा एक प्रसिद्ध प्रयोग वाचनात आला. चेस आणि एरिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या प्रयोगात, एकदा ऐकलेले सातच अंक लक्षात ठेवू शकणारा एक सामान्य बुद्धीचा विद्यार्थी वीस महिन्यांत, सुमारे २३० तासांच्या सरावाने ७९ अंकांपर्यंत पोहोचला. तो धावपटू होता आणि अंकांचे गट शर्यतीतल्या वेळांप्रमाणे लावून ठेवत असे. अंकांऐवजी अक्षरे दिल्यावर मात्र त्याची मजल पुन्हा सहावर आली. वीस महिन्यांच्या मेहनतीने त्याला अंक दिले, स्मरणशक्ती दिली नाही. माझ्या आठ महिन्यांनी मला तसेच शब्द ओळखणे दिले होते आणि बोलणे दिले नव्हते.

यानंतर मी कार्डे उलटी केली आणि सुट्या शब्दांऐवजी वाक्ये घातली. आपण मराठीत निर्णय ‘घेतो’, म्हणून जर्मनमध्येही घेण्याचे क्रियापद वापरायचा मोह होतो. तिथे ‘आइने एन्टशायडुंग ट्रेफेन’ असे म्हणतात आणि ‘ट्रेफेन’चा एरवीचा अर्थ भेटणे किंवा गाठणे असा आहे. हे कार्ड सुट्या शब्दाच्या कार्डापेक्षा तिप्पट वेळ खाते, अधिक वेळा चुकते आणि आकडेवारी बिघडवते. माझे बरोबर उत्तरांचे प्रमाण पंधरा टक्क्यांनी घसरले आणि त्याच काळात माझे बोलणे प्रथमच सुधारू लागले. रोज बसणे आणि कष्ट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आन्की पहिलीची चोख सोय करते आणि दुसरी संपूर्णपणे आपल्यावर सोडते. कार्ड कसे लिहायचे हे ती सांगत नाही, आणि नवख्यासाठी ही तिची सर्वांत मोठी उणीव आहे.

याच कारणाने इतरांनी केलेले तयार संच मी फारसे सुचवणार नाही. ते मुबलक मिळतात, वेळ वाचवतात, आणि त्यातले शब्द पाहुण्यासारखे येऊन जातात. स्वतः कार्ड लिहिताना उदाहरण शोधावे लागते, चूक दुरुस्त करावी लागते, कधी चित्र जोडावे लागते. त्या खटाटोपात अर्धा शब्द तिथेच पाठ होतो. वारंवार चुकणाऱ्या कार्डावर अ‍ॅप ‘लीच’, म्हणजे जळू, असा शिक्का मारते. नाव समर्पक आहे, कारण अशी दहा-बारा कार्डे सगळा वेळ शोषून घेतात. अशा कार्डाशी हट्टाने झुंजत राहण्यापेक्षा ते पुसून नव्याने लिहावे. चिकाटी म्हणून मी तीच तीच कार्डे महिनोन्महिने रेटली, तेव्हा कोडगेपणा आणि चिकाटी यांत माझी गल्लत होत होती.

बाकीच्या बाबी थोडक्यात. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर आन्की मोफत आहे, आयफोनसाठी विकत घ्यावे लागते, आणि एका उपकरणावरची प्रगती दुसऱ्यावर विनासायास येते. देवनागरी मजकूर, ध्वनी आणि चित्रे नीट बसतात. दिसायला ते रूक्ष आहे आणि सेटिंगांचे पान नवख्याला घाबरवणारे आहे; पहिले तीन महिने तिकडे फिरकू नये, फक्त नव्या कार्डांची संख्या कमी करावी. ९० टक्क्यांचे प्रमाण हौसेने ९७ वर नेऊ नये, कारण त्या सात टक्क्यांसाठी कामाचा बोजा भलताच वाढतो. महिन्याभरावर आलेल्या परीक्षेसाठी हे साधन उशिराचे आहे. ज्याला गायन, चित्रकला किंवा बुद्धिबळ शिकायचे आहे त्याला ते राग-संज्ञा किंवा सुरुवातीच्या चाली पाठ करायला उपयोगी पडेल. गळा, हात आणि पटावरची नजर मात्र तिथेच तयार करावी लागते. भाषा, वैद्यक, कायदा अशा पाठांतराचा पाया लागणाऱ्या विषयांसाठी मी ते नि:शंकपणे सुचवेन, एवढ्या अटीवर की कार्डे स्वतः लिहावीत आणि ‘अगेन’ दाबायची लाज वाटू देऊ नये.

‘काटा’ हे कार्ड आज सकाळी सात महिन्यांनी परत आले. डी गाबेल, हे लिंगासह, न अडखळता आठवले. ‘गुड’ दाबले, पुढची तारीख चौदा महिन्यांनंतरची आहे.