खिडकीची काच फुटली: स्वतः बसवायची, माणूस बोलवायचा की झडपच काढून न्यायची?

काच फुटली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो यात काय आहे, काच आणू आणि बसवू, दुसरा म्हणतो उगाच हात कापून घेशील, माणूस बोलव. भांडण होतं ते नवी काच बसवण्यावरून, आणि खरं तर तोच या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. वेळ खातं ते जुनं काढणं आणि घोळ होतो तो मापात. त्यामुळे मला जमेल का हे विचारण्याआधी चौकट कसली आहे, काच कसली होती आणि खिडकी किती उंचावर आहे एवढं बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो. आणि पर्याय दोन नाहीत तीन आहेत, तिसरा बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही, तो म्हणजे झडप किंवा शटर काढून थेट काचवाल्याकडे न्यायचं.

आधी तुकडे बघा

साधी काच असेल तर लांब, टोकदार तुकडे पडतात आणि काही चौकटीतच दातांसारखे अडकून राहतात. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली असेल तर सगळी काच एकदम बारीक दाण्यांमध्ये विखुरते, चौकटीत जवळपास काही उरतच नाही. लॅमिनेटेड असेल तर तडे सगळीकडे गेलेत पण काच जागेवरच, कारण दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि तो तुकडे धरून ठेवतो. काच नुसती तडकली असेल आणि कोपऱ्यात छोटा शिक्का दिसत असेल तर तो वाचा, बऱ्याचदा तिथेच प्रकार लिहिलेला असतो. आणि दुहेरी काच, म्हणजे मध्ये हवा बंद केलेल्या दोन काचा, आहे का हे ओळखायला रात्री मोबाईलचा टॉर्च काचेजवळ धरायचा, एकेरी काचेत दोन प्रतिबिंबं अगदी चिकटून दिसतात, दुहेरीत दोन जोड्या वेगवेगळ्या दिसतात.

हे का बघायचं, तर टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही. ती 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवून झपाट्याने थंड केलेली असते, तिचा बाहेरचा थर कायम दाबाखाली असतो, कटर लावून तोडायला गेलात तर अख्खी फुटते. म्हणजे मापाप्रमाणे बनवून घ्यावी लागते, आणि माप अर्धा सेंटिमीटर जरी जास्त दिलं तर ती काच गेलीच, घासून बारीक करू वगैरे काही होत नाही. दुहेरी काचेचंही तसंच, त्यातली एक फुटली तरी पूर्ण सीलबंद युनिट बदलायचं, फक्त फुटलेली बाजू घरी बदलणं हा उद्योगच करू नका, आतल्या हवेत ओल शिरते आणि मग मधोमध धुकं साचतं जे कुठूनच पुसता येत नाही.

दाराचं तावदान, दाराच्या अगदी शेजारची काच, बाथरूम, किंवा जमिनीपर्यंत खाली आलेली मोठी खिडकी, इथे आधी साधी काच होती म्हणून परत साधीच लावू नका. टफन्ड किंवा लॅमिनेटेडच घ्या. बऱ्याच देशांत तसा नियमच आहे, पण नियम नसला तरी माणूस तोल जाऊन आपटतो तो नेमका याच जागी. जाळीची काच दणकट दिसते म्हणून काहीजण ती मागतात, पण आतल्या तारेमुळे ती धक्क्याला मजबूत होत नाही, उलट तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा लवकर तडकते. तार आगीत तडकलेली काच जागेवर धरून ठेवायला असते.

आता चौकट, खरा फरक इथे आहे

लाकडी चौकट आणि काच धरून ठेवणारी लाकडी पट्टी असेल तर बिनधास्त स्वतः करा. पट्टी आणि चौकटीमधला रंग आधी कटरने चिरायचा, नाहीतर पट्टीबरोबर रंगाचे पोपडे येतात, मग सगळ्यात लांब पट्टीच्या मधोमध पातळ पटाशी घालून हळूच उचकटायचं. मध्यापासून सुरुवात केली की पट्टी कमानीसारखी वाकते आणि टोकं आपोआप सुटतात, टोकापासून केली की तुटते. कुठली पट्टी कुठली हे मागे पेन्सिलने लिहून ठेवा.

लाकडी चौकट आणि पुटी, म्हणजे काचेच्या कडेला भरलेला लगदा, असेल तर करा, पण अख्खी दुपार मोकळी ठेवून. जुनी पुटी दगड झालेली असते. वरून बघितलं तर नुसता रंग लावलेला उतार दिसतो, त्याच्या आत काच धरून ठेवणाऱ्या बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकलेल्या असतात, पटाशी त्यांच्यावर आदळली की कर्रकन आवाज येतो आणि तिथेच माणूस जोर लावतो आणि खाचेचं लाकूड सोलून काढतो. जोर लावायचाच नाही. थोडी थोडी पुटी फोडत जायचं, चूक दिसली की पकडीने ओढून काढायची, मग पुढे. हीट गनने पुटी मऊ पडते हे खरं, पण शेजारचं तावदान चांगलं असेल तर गरम हवेने तेही तडकू शकतं, आणि घर जुनं असेल तर रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला, म्हणजे कोरडं घासायचं नाही, जास्त तापवायचं नाही, पाणी मारून खरवडायचं आणि मुलांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही.

खाच साफ झाली की लोक लगेच पुटी भरतात. थांबा. कोरडं उघडं लाकूड पुटीतलं अळशीचं तेल पिऊन टाकतं आणि मग पुटी सुकून भेगाळते, म्हणून आधी प्रायमर मारायचा. तो सुकला की खाचेत पुटीचा पातळ थर पसरायचा, त्यावर काच टेकवून कडांवर दाबायची, मध्यावर कधीच नाही. मग दर 15-20 सेंटिमीटरवर एक चूक, मग बाहेरून उतारात पुटी. ही पुटी वरून सुकायला एक ते चार आठवडे घेते, त्यानंतर रंग, आणि रंग काचेवर दोन मिलिमीटर चढवायचा, म्हणजे फटीतून पाणी आत जात नाही.

जुनी लोखंडी खिडकी असेल तर माझं मत सरळ आहे, एखादा अनुभवी माणूसच बोलवा. गंज फुगतो आणि काचेला दाबतो, कित्येकदा काच फुटण्याचं कारणच ते असतं. गंज पूर्ण खरवडून प्रायमर मारल्याशिवाय नवी काच लावली तर तीही त्याच कोपऱ्यातून तडकणार. पुटीही वेगळी लागते, लाकडाची पुटी थोडंसं तेल लाकडात जिरण्यावर चालते, लोखंडात काय जिरणार.

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला तिसरा पर्याय चपखल बसतो. शटर वर उचललं की वरच्या खाचेत आणखी थोडं चढतं, खालचं टोक ट्रॅकमधून सुटतं, ते आपल्याकडे ओढलं की शटर हातात. पण उचलण्याआधी फुटक्या काचेवर दोन्ही बाजूंनी रुंद टेप चिकटवा, कारण या शटरला ताठपणा देते ती काचच, ती फुटलेली असली की शटर हातात लटपटतं आणि उरलेले तुकडे पायावर येतात. घरी करायचं तर बाजूच्या पट्ट्यांचे स्क्रू काढायचे, पट्ट्या ओढायच्या, काचेभोवतीचं रबर काढून नव्या काचेला घालायचं आणि पट्ट्या लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत बसवायच्या. अवघड नाही, पण कंटाळवाणं आहे. दुकानात हेच काम सवयीचे हात करतात, माप तेच घेतात, आणि माप चुकलं तर काच त्यांची जाते, तुमची नाही. माझ्या मते सरकत्या खिडकीला हाच सगळ्यात शहाणा मार्ग.

यूपीव्हीसीमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीत, आतल्या बाजूने खटकन बसणाऱ्या पट्ट्या असतात, काढताना आधी लांब, बसवताना आधी आखूड. काचेखाली छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात ते कचरा समजून टाकू नका, काचेचं वजन त्यांच्यावर असतं, होते तिथेच परत ठेवा. थंडीत या पट्ट्या कडक होतात आणि तुटतात, त्यामुळे घाई नसेल तर ऊन पडल्यावर करा.

मापाचं काय

सगळं इथेच फसतं. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घ्या, उंचीही तशीच, आणि प्रत्येकातलं सगळ्यात कमी धरा. त्यातून 3 मिलिमीटर, म्हणजे एक सूत वजा, काचेला हलायला जागा हवी. दोन्ही कर्ण मोजा, वेगवेगळे आले तर चौकट काटकोनात नाही, मग पुठ्ठ्याचा साचा कापून तोच दुकानात न्या. अ‍ॅल्युमिनियममध्ये दिसणारी काच म्हणजे पूर्ण काच नव्हे, बाजूंनी ती रबरात आत गेलेली असते, ते धरूनच माप द्यायचं. जाडीसाठी फुटका तुकडा कागदात गुंडाळून बरोबर न्या, 4 मिलिमीटरच्या जागी 5 आणली तर रबरात जात नाही आणि 3 आणली तर खडखड वाजत राहते. डिझाइनची काच असेल तर रेषा उभ्या हव्यात की आडव्या हेही सांगा.

आणि काच घरी कापायची का? नको. कटर आणायचा, नवी काच आणायची, सरावाला एक फोडायची, दुसरी वाकडी तुटणार, एवढं करून वाचलं काय? दुकानात मापाप्रमाणे कापून मिळते, कडाही घासून द्या म्हणा, हाताला लागत नाही.

सिलिकॉन की पुटी, काच की ॲक्रिलिक

सिलिकॉन सोपं आणि लवकर होतं, एका दिवसात साधारण दोन-तीन मिलिमीटर खोल सुकतं. पण त्यावर रंग बसत नाही, आणि पुढच्या वेळी काच फुटली की खरवडताना जीव जातो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या धातूला गंज आणतं आणि लॅमिनेटेड किंवा दुहेरी काचेच्या कडांनाही चांगलं नाही, तिथे तसा वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन मागा. रंगवलेल्या लाकडी खिडकीला मी पुटीच लावेन, बाकी ठिकाणी सिलिकॉन चालेल.

ॲक्रिलिक म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, ते हलकं असतं, काचेच्या निम्म्याहून कमी वजन, आणि घरी कापता येतं म्हणून मोह होतो. पण ते तापल्यावर काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतं, म्हणजे कडेला बरीच जास्त मोकळी जागा सोडावी लागते नाहीतर उन्हात फुगा येतो, आणि पुसून पुसून ओरखडे पडतात. माळ्याच्या छोट्या खिडकीला किंवा गॅरेजला ठीक, दिवाणखान्यात नको.

मग कोणी काय करावं

वजनाचा हिशोब आधी करा: काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. म्हणजे 60 बाय 90 सेंटिमीटरचं 4 मिलिमीटरचं तावदान साधारण साडेपाच किलो, एकट्याने आरामात होतं. तेच दीड बाय एक मीटरचं 6 मिलिमीटरचं झालं की साडेबावीस किलो, आणि वाऱ्यात ते धरून उभं राहणं म्हणजे एकट्याचं काम नाही. मोठी काच, वरचा मजला आणि झडप काढता न येणारी, बाहेरून शिडी लावावी लागणार, यातलं काहीही असेल तर माणूस बोलवा, वाद नको. खालच्या मजल्यावरची लाकडी खिडकी, छोटं तावदान, साधी काच, तर स्वतः करा, कारण एवढ्याशा कामात काचेपेक्षा येण्याजाण्याची मजुरीच जास्त होते आणि छोट्या कामाला माणूस लवकर येतही नाही. झडप बिजागरीवरून किंवा ट्रॅकमधून निघत असेल तर न्या दुकानात.

भाड्याचं घर असेल तर आधी मालकाला विचारा, खर्च कोणाचा हे नंतर ठरवायला गेलात तर वाद होतो.

एक गोष्ट तिन्ही पर्यायांत करायची: कशाने फुटली ते बघा. चेंडू लागला असेल तर प्रश्नच नाही. पण कोणी हात न लावता तडकली असेल आणि तडा कडेपासून काटकोनात सुरू होत असेल तर बहुतेक उष्णतेने गेली आहे, काचेचा मधला भाग उन्हात तापतो आणि चौकटीतली कड थंड राहते. गडद फिल्म किंवा काचेला चिकटून जाड पडदा असेल तर हे जास्त होतं. तिथे परत साधी काच लावली तर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच, टफन्ड लावा, ती 200 अंशांच्या आसपासचा फरक सोसते, नाहीतर फिल्म काढा.

आणि स्वतः करणार असाल तर जाड हातमोजे, चष्मा, बंद बूट, खाली जुनी चादर, आणि तुकडे काढायची सुरुवात वरून, खालून नाही. चौकटीत वर अडकलेला तुकडा खालचा आधार गेला की सरळ मनगटावर येतो.