साधा बल्ब, हॅलोजन, सीएफएल की एलईडी: कुठे कोणता लावायचा

बल्ब उडाला की आपण दुकानात जातो, "नऊ वॅटचा द्या" म्हणतो आणि घेऊन येतो. मीपण कित्येक वर्षं तेच केलं, मग एकदा कपाटासमोर नवीन एलईडी लावला आणि त्याच आठवड्यात एका पायात मरून आणि दुसऱ्या पायात चॉकलेटी मोजा घालून दिवसभर फिरलो. उन्हात आल्यावर कळलं. तेव्हापासून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायची खोड लागलीय, त्यातून जे समजलं ते इथे टाकतोय.

आधी वॅटचा घोळ मिटवू. वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो, उजेड किती देतो ते लुमेनमध्ये असतं. जुना 60 वॅटचा तारेचा बल्ब अंदाजे 700 ते 800 लुमेन द्यायचा, तेवढाच उजेड प्रत्येकाकडून घ्यायचा म्हटला तर असं पडतं (रोज 5 तास चालू धरून):

तारेचा बल्ब – 60 वॅट, वर्षाला 110 युनिट, आयुष्य 1000 तासांच्या आसपास
हॅलोजन – 42 वॅट, 77 युनिट, 2000 तास
सीएफएल – 14 वॅट, 26 युनिट, 6000 ते 10000 तास
एलईडी – 9 वॅट, 16 युनिट, खोक्यावर 15000 ते 25000 तास

तारेच्या बल्बचं गणित एवढं वाईट का, तर तो मुळात हीटरच आहे. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात तापते तेव्हा कुठे ती उजेड देते, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते. हॅलोजन त्याचाच भाऊ, आतल्या गॅसमुळे उडालेलं टंगस्टन परत तारेवर बसतं म्हणून तार जरा जास्त तापवता येते, बाकी फार फरक नाही. पण उजेडाच्या बाबतीत या दोघांना तोड नाही हे मान्य करायलाच हवं, रंग अगदी खरे दिसतात, आणि डिमरने कमी केला की उजेड मंद होता होता केशरी होत जातो. साधा एलईडी मंद होतो पण रंग तोच राहतो, त्यामुळे तो माहोल येत नाही.

सीएफएलबद्दल थोडक्यात. त्याच्या काळात त्याने वीज वाचवली, आता नवीन घ्यायचं काही कारण नाही. पूर्ण उजेड यायला वेळ लावतो, सारखं चालू-बंद केलं की लवकर जातो (म्हणजे बाथरूमला अगदीच बिनकामाचा) आणि आत थोडासा पारा असतो, फुटला तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जा, थोड्या वेळाने जाड कागदाने गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, झाडू किंवा व्हॅक्यूम नको. पण घरात चालू असलेला सीएफएल काढून फेकायचीही घाई करू नका, एलईडीपेक्षा वर्षाला जेमतेम 9-10 युनिट जास्त खातो, उडेल तेव्हा बदला. तारेचा बल्ब मात्र रोज तासन्‌तास जळत असेल तर आजच काढा.

म्हणजे विजेचा निकाल लागला, एलईडी. खरी गंमत इथून पुढे सुरू होते कारण एलईडी-एलईडीत वॅटचा फरक किरकोळ असतो, 7 वॅट आणि 9 वॅट यात वर्षाला साडेतीन-चार युनिटचा खेळ, पण उजेडात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. पांढरा एलईडी खरं तर निळा असतो, निळ्या चिपवर पिवळट फॉस्फरचा (निळा उजेड शोषून दुसऱ्या रंगांचा उजेड देणारी पूड) थर देऊन पांढरा उजेड काढतात (हा निळा एलईडी शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं). फॉस्फर स्वस्तातला असला की लाल रंग कमी पडतो. मग माणसांचे चेहरे आजारी दिसतात आणि मरून मोजा चॉकलेटी होतो.

बल्बाखाली रंग किती खरे दिसतात हे मोजायला सीआरआय असतो, 100 पैकी. तारेचा बल्ब जवळपास 100, बहुतेक एलईडी 80 च्या आसपास, चांगले 90 च्या वर. पण त्यातही मेख आहे, नेहमीचा सीआरआय आठ फिकट रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरतच नाहीत, तो आर9 म्हणून वेगळा असतो. खोक्यावर आर9 छापलाच असेल आणि 50 च्या वर असेल तर डोळे झाकून घ्या. 90 वाला तेवढ्याच वॅटमध्ये लुमेन जरा कमी देतो, ते चालवून घ्यायचं. दुकानात चालू करून बघता आला तर बल्बाखाली तळहात धरा, हात जिवंत, गुलाबी दिसतो की राखाडी, लगेच कळतं.

केल्विन, म्हणजे उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा, हा वेगळा विषय आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. पांढरा म्हणजे रंग चांगले दिसणार असं अजिबात नाही, 6500 वालाही भिकार सीआरआयचा असू शकतो. झोपायच्या खोलीत निळसर उजेड मला तरी नकोच, रात्री उशिरापर्यंत तो डोळ्यांवर आला की झोपही लांबते.

तिसरी गोष्ट लुकलुक. 50 हर्ट्झच्या विजेवर स्वस्त ड्रायव्हरचा (एलईडीला हवी तशी वीज देणारं बल्बातलं सर्किट) बल्ब सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो, तसा दिसत नाही पण काहींचं डोकं दुखतं. पेन्सिल बल्बाखाली जोरात हलवून बघा, एकसंध पुसट पट्टा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या चार-पाच पेन्सिली दिसल्या तर तो बल्ब अभ्यासाच्या टेबलावर लावू नका.

आणि ते 25000 तास फार मनावर घेऊ नका. एलईडीची चिप सहसा लवकर जात नाही, आधी ड्रायव्हर जातो, तोही उष्णतेने. बंद काचेच्या गोळ्यात एलईडी कोंबला की आतली गरमी बाहेर पडत नाही, माझा एक असाच वर्षभरात गेला आणि मी कंपनीला शिव्या घालत बसलो, चूक माझी होती. तिथे बंद फिटिंगला चालतो असं लिहिलेलाच घ्या. डिमर असेल तर डिमेबल लिहिलेला, नाहीतर गुणगुणतो किंवा फडफडतो.

आता माझी वाटणी. बेडरूम आणि बसायची खोली 2700 किंवा 3000, अभ्यासाला 4000 आणि लुकलुक न करणारा, स्वयंपाकघर, आरसा आणि कपाट इथे 90 च्या वरचा सीआरआय, पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नका. जिना, बाल्कनी, संडास इथे 80 चा कुठलाही चालतो, तिथे कोण रंग बघत बसतंय. ओव्हनच्या आतला दिवा मात्र तारेचा किंवा हॅलोजनचाच ठेवा, तिथल्या गरमीत एलईडी टिकणार नाही.