बिडाचा तवा, लोखंडी कढई आणि पितळी पातेलं: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

२६ सेंटिमीटर व्यासाचा, दोन कानांचा, वाळूच्या साच्यात ओतलेला साधा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा. चौदा महिने, आठवड्यातून चार-पाच दिवस, गॅसवर. त्यावर घावणे, आंबोळ्या, डोसे, थालीपिठं आणि तळलेले बांगडे. निकाल आधीच सांगायचा तर तवा आज पहिल्या दिवसापेक्षा चांगला चालतो. या काळात तो दोनदा गंजला, एकदा चिकट झाला आणि एकदा त्यावर तेल तापवून चढवलेला लेप पापुद्र्यांनी सुटला. चारही वेळा तो घरच्या घरी पूर्ववत झाला. बिडाच्या भांड्याचं खरं मोल इथेच आहे. तडा सोडला तर त्याचं काहीही कायमचं बिघडत नाही. नॉनस्टिकचा थर २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो, रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तेवढं तापमान सहज गाठलं जातं, आणि निघालेला थर घरी परत चढवता येत नाही.

म्हणून तवा घेताना सगळं लक्ष तड्याकडे द्यावं. तवा एका कानाला धरून अधांतरी ठेवा आणि कडेवर नाण्याने टिचकी मारा. खणखणीत, लांबत जाणारा आवाज आला तर तवा निर्दोष. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो. मधल्या प्रवासात तवे एकावर एक आपटतात, त्यामुळे नव्या तव्यातही ही चीर निघते. घरपोच मागवलेला तवा तर आधी वाजवून पाहा आणि मगच वापरायला काढा. चीर गेलेलं बीड वेल्डिंगने जोडायला निकेलचा रॉड लागतो, आधी सगळा तवा तापवावा लागतो, आणि इतकं करून भांड्याच्या कामी तो भरवशाचा राहत नाही. तो तवा थेट भंगारात.

जाडी ४ ते ५ मिलिमीटर हवी. मोजपट्टी नसेल तर वजनावरून कळतं. २६ सेंटिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा बिडाचा नुसता गोल १.९ किलोच्या आसपास भरतो, कानांसकट दोन-सव्वादोन किलो. याच मापाचा तवा दीड किलोपेक्षा हलका असेल तर तो पातळ आहे आणि मधोमध करपवणार. मनगटाचं दुखणं असेल तर पातळ तवा घेण्यापेक्षा २२ सेंटिमीटरचा जाड तवा घ्यावा, तो दीड किलोच्या आसपास भरतो. लोहचुंबक खिशात असावं. काळ्या रंगाचे अॅल्युमिनियमचे तवेही बाजारात असतात, त्यांना चुंबक चिकटत नाही. पण पत्र्याच्या लोखंडी तव्याला ते चिकटतं, म्हणजे बीड की पत्रा हे चुंबक सांगणार नाही. ते पृष्ठभागाच्या दाणेदारपणावरून आणि कडेच्या जाडीवरून ओळखायचं.

दाणेदारपणा हा दोष नाही. वाळूच्या साच्यातून आलेल्या बिडाला तो असायचाच, आणि लेप त्या बारीक खळग्यांतच घट्ट बसतो. नखाला अडकेल असा उंचवटा असेल तर ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्यावा. तोंडाला फडकं बांधून, बाल्कनीत बसून. हल्ली आरशासारखे गुळगुळीत केलेले तवे जास्त दराने विकतात. त्यांच्यावर पहिले दोन महिने लेप धरायला उलट जास्त वेळ लागतो.

आता लेपाबद्दल, कारण जवळजवळ सगळ्या तक्रारी इथूनच उगवतात. ‘तवा मुरला’ म्हणजे त्याने तेल पिऊन घेतलं असं नाही. तापल्यावर तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कोरड्या, कडक, काळ्या थरात बदलतात. जे तेल हवेत लवकर सुकतं ते लवकर गुंफलं जातं. सूर्यफूल आणि सोयाबीनचं तेल यासाठी चांगलं, शेंगदाण्याचंही चालतं, फक्त दोन हात जास्त द्यावे लागतात. खोबरेल बहुतांशी संपृक्त असतं, ते सुकतच नाही. कोकणात रोजच्या रांधण्यात ते वर्षानुवर्षं चाललं, कारण तवा रोज चुलीवर चढत होता. आठवड्यातून दोनदा वापरायच्या तव्यावर तेच खोबरेल खवट वास धरतं. जवसाचं तेल सर्वांत लवकर सुकतं आणि पहिल्या दिवशी फार देखणा थर देतं, पण तो थर ठिसूळ असतो. या तव्यावरचा जो लेप पापुद्र्यांनी सुटला तो जवसाचाच होता, सहाव्या आठवड्यात. त्यानंतर सूर्यफुलाचं तेल वापरलं, तो थर अजून आहे.

नवा तवा आधी गरम पाणी, भांड्याचा साबण आणि काथ्याने दोनदा धुवा. पांढरं फडकं फिरवून पाहा. काळं येत राहिलं आणि वंगणासारखा वास आला तर गंज लागू नये म्हणून कारखान्यात लावलेलं तेल अजून आहे, तिसऱ्यांदा धुवा. तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत रात्रभर भिजत ठेवायची जुनी रीत आहे. तिने वाळू आणि वंगण सुटतं हे खरं, पण पाण्यात राहिल्याने गंजाचा तांबूस हात येतोच, तो घासून काढावा लागतो. दोन-तीन तास भिजवणं पुरे.

धुतल्यावर तवा बारीक आचेवर पूर्ण कोरडा करा. हाताला सोसेल इतका गरम असतानाच अर्धा चमचा तेल दोन्ही बाजूंना, कडेला, कानांना चोळा. मग दुसऱ्या, कोरड्या सुती फडक्याने ते सगळं पुसून काढा. बोट फिरवल्यावर बोटाला तेल दिसता कामा नये. ही पायरी कुणाला पटत नाही, आणि चिकट तव्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं. जाड थराचा वरचा भाग सुकतो, आतला कच्चा राहतो. आता मध्यम आचेवर धूर येईपर्यंत आणि मग धूर थांबेपर्यंत ठेवा, साधारण दहा ते बारा मिनिटं, खिडकी उघडी ठेवून. बर्नर मध्येच तापवतो, म्हणून दर दोन मिनिटांनी तवा पाव फेरा फिरवा. गार होऊ द्या. असे पाच हात द्या. ओव्हन असेल तर तवा उपडा ठेवून २३० अंशांवर एक तास आणि आतच गार, असे तीन हात पुरतात, आणि कडेपर्यंत सारखा रंग येतो. पाच हातांनंतरही तवा कोळशासारखा काळा दिसत नाही, तपकिरी दिसतो. काळेपणा वापराने येतो. पहिले पंधरा दिवस त्यावर तळकट पदार्थच करा: थालीपीठ, कांद्याचे काप, रव्यात घोळवलेले मासे. घावणाची घाई नको.

घावण हीच या तव्याची परीक्षा. कोकणात या तव्याला भिडं म्हणतात आणि घावणांसाठी तो वेगळा ठेवतात, त्याला कारण आहे. एक वाटी तांदळाच्या पिठाला साधारण दोन वाट्या पाणी आणि मीठ, पीठ ताकाइतकं पातळ. इतकं पातळ पीठ गार तव्यावर पडलं की पसरून चिकटतं. तवा बारीक आचेवर सहा ते आठ मिनिटं तापवा, मग आच वाढवा. बीड अॅल्युमिनियमच्या मानाने उष्णता फार हळू पसरवतं, पण एकदा धरली की धरून ठेवतं, त्यामुळे सुरुवातीला मोठी आच दिली तर मधोमध जळतं आणि कड गारच राहते. पाण्याचा शिंतोडा एक-दोन सेकंदांत चरचरून उडाला की तवा तयार. थेंब मोत्यासारखे तव्यावर धावू लागले तर तो जास्त तापलाय, अर्धा मिनिट आच कमी करा. काट्याला टोचलेला अर्धा कांदा किंवा नारळाच्या सोडणाचा तुकडा तेलात बुडवून फिरवा. पीठ दर वेळी तळापासून ढवळा, कारण ते खाली बसतं. वाटीने बाहेरून आत गोल ओता, पसरवू नका. पडताक्षणी छर्र आवाज येऊन जाळी पडायला हवी. जाळी पडली नाही तर पीठ दाट आहे किंवा तवा कमी तापलाय. झाकण ठेवून एक मिनिट. कड आपोआप वर उचलली जाते, तेव्हाच उलथनं घाला. त्याआधी घातलं तर तुटणारच, आणि दोष तव्याला लागेल. आंबोळीला आच याच्या निम्मी पुरते.

याच तव्यावर भाकरी-पोळी करू नका. भाकरीला तेलाशिवायची कोरडी, तीव्र आच लागते. तिने लेप जळतो, आणि सांडलेलं पीठ करपून खळग्यांत बसतं. चौथ्या महिन्यात आठवडाभर या तव्यावर भाकऱ्या झाल्या, पुढचे दहा-बारा घावणे तुटले. भाकरीसाठी पत्र्याचा लोखंडी तवा वेगळा ठेवावा, तो स्वस्त असतो.

रोजचं काम दोन-तीन मिनिटांचं. तवा कोमट झाला की गरम पाण्याने आणि काथ्याने धुवा. मासे केले असतील तर साबणाचा थेंब बिनधास्त वापरा, आजच्या भांड्याच्या साबणाने मुरलेला लेप जात नाही. लेप जातो तो रात्रभर सिंकमध्ये पडून राहिल्याने, आणि टोमॅटो, चिंच, कोकम यांच्या आंबटपणाने. धुतल्यावर गॅसवर एक मिनिट कोरडा करा, दोन थेंब तेल चोळा, पुसा. तापलेल्या तव्यावर गार पाणी मात्र कधीही नको. बीड ठिसूळ असतं, एक भाग झटकन आकसला की चीर जाते. फरशीवर पडला तरी तेच. इंडक्शनवर सर्वांत कमी आकड्यावर पाच मिनिटं ठेवून मग हळूहळू वाढवा, आणि काचेवरून तवा ओढू नका, उचला.

पावसाळ्यात, विशेषतः किनाऱ्याजवळ, एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. ते मीठ आणि थोड्या तेलाने घासून निघतात. गंज सगळीकडे पसरला असेल तर व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन अर्धा तास बुडवा. तासाच्या पुढे नको, मग आम्ल चांगलं बीडही खायला लागतं. लगेच धुवा, वाळवा आणि पुन्हा तीन हात द्या. चिकटपणा असेल तर नवीन तेल न लावता तवा मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवा, बहुतेक वेळा कच्चा थर सुकून जातो. ठेवताना दोन भांड्यांमध्ये वर्तमानपत्र घाला आणि झाकण ठेवू नका.

सोबतची लोखंडी कढई पत्र्याची आहे, अडीच मिलिमीटरची, कानांना रिव्हेट मारलेली. ती पडून फुटत नाही, पण रिकामी मोठ्या आचेवर ठेवली तर तिच्या तळाला पोट येतं आणि ती डुगडुगते. पहिल्या चार वेळा तिच्यात पुऱ्या किंवा भजी तळा, वेगळा लेप द्यायची गरज पडत नाही. रिव्हेट सैल झाले की खाली ऐरण किंवा दुसरी हातोडी धरून चार ठोके मारले की घट्ट होतात. स्क्रूचे आट्यांसकट झिजतात, म्हणून घेताना रिव्हेटचेच कान पाहा. पिठलं आणि सुकी भाजी हिच्यात फार छान होते. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर पालेभाज्या आणि वांगी काळी पडतात, कारण त्यांच्यातला तुरटपणा लोखंडाशी मिळून काळा रंग बनवतो. लोह अन्नात उतरतं हे खरं आहे, ओलसर, आंबट आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थांत जास्त. मुरलेल्या तव्यावरच्या डोशातून फारसं नाही. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल किंवा शरीरात लोह साठण्याचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोखंडाची भांडी घेऊ नयेत.

पितळी पातेलं तीन लिटरचं, डाळ-भातासाठी. त्याचा तळ दिसायला कितीही सुंदर असला तरी कल्हईशिवाय त्यात आमटी किंवा ताक ठेवलं की ते कळकतं, म्हणजे तांबं-जस्त त्यात उतरतं आणि चव हिरवट, उलटी आणणारी होते. कल्हई करताना नवसागराने आतला भाग स्वच्छ करून त्यावर कथील पसरवतात. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे फोडणी करण्यासाठी रिकामं पातेलं तापवलं की कल्हई सरकून गोळे धरते. म्हणून यात आधी पाणी किंवा तूप, मग आच. तारेची घासणी नको, आतून चिंच नको, उलथनं लाकडाचं. या शिस्तीत पहिली कल्हई अकरा महिने टिकली. रुपेरी थर मळकट करडा झाला तर काळजी नाही. त्यातून पिवळा ठिपका दिसला, अगदी तांदळाच्या दाण्याएवढा, की त्या दिवसापासून आंबट काही शिजवायचं नाही आणि कल्हईवाला गाठायचा. आपल्या भागात कल्हईवाला येतो का, हे पातेलं घेण्याआधी विचारून ठेवा. येत नसेल तर तेच पैसे जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात घाला.