इमाबारीचा टॉवेल: माल एक नंबर, पण बोअरच्या पाण्यापासून लांब ठेवा

भो सरळ सांगतो, घ्यायचा तर हात-तोंड पुसायचा छोटा घ्या, अंघोळीचा मोठा घेऊ नका. भाचा कंपनीच्या कामाने जपानला गेला होता त्याच्याकडून मागवले, दोन्ही साइज त्याने आणले म्हणून हे सांगू शकतोय. मोठा उघडल्यावर आई म्हणे, "हाऊ टॉवेल शे का गोधडी?"

इमाबारी हे जपानच्या शिकोकू बेटाच्या उत्तरेला समुद्राकाठचं शहर, वस्ती दीड लाखाच्या आसपास म्हणजे आपल्या भुसावळपेक्षाही थोडं लहानच. दोन्ही अंगांना डोंगर पाऊस अडवतात म्हणून तिकडे पाऊस कमी, आणि जुन्या काळी तिथे कापूस पिकायचा. 1894 ला आबे हेइसुके नावाच्या माणसाने तिथे टॉवेल विणायला सुरुवात केली आणि गंमत बघा, त्याच्या आदल्याच वर्षी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन यूसेन या जपानी जहाज कंपनीची मुंबई-कोबे बोट चालू झालेली, इकडचा कापूस तिकडे न्यायला. बाहेरचा स्वस्त कापूस आल्यावर जपानची कापसाची शेती बसली पण इमाबारीत विणकाम टिकलं. आपल्याकडे बरोबर उलटं, कापूस अजून ढिगाने पिकतो आणि जळगावात खानदेश मिल या कापड गिरणीच्या जागेवर मॉल उभा आहे.

त्यांचंही सगळं गोड गोड नव्हतं बरं का. 1970 च्या दशकात तिथे पाचशेच्या आसपास टॉवेल कंपन्या होत्या, मग चीन-व्हिएतनामचा स्वस्त माल आला आणि 1991 ला जे उत्पादन होतं ते 2009 पर्यंत पाचवा हिस्सा राहिलं. शहर तरलं कारण दुसरा धंदा जहाजबांधणीचा आहे. 2021 ला सुएझ कालव्यात आडवं होऊन बसलेलं एव्हर गिव्हन जहाज आठवतं ना, ते इमाबारी शिपबिल्डिंगनेच बांधलेलं आणि मालक कंपनीही त्याच गावची!

टॉवेलवाल्यांनी 2006 पासून काशिवा सातो या डिझायनरला सोबत घेऊन शहराच्या नावाचाच ब्रँड केला आणि एक टेस्ट ठेवली. टॉवेलचा एक सेंटीमीटरचा तुकडा पाण्यावर टाकायचा, पाच सेकंदांत बुडायला लागला तर पास. मी छोट्या टॉवेलचा कोपरा कापून ग्लासात टाकला (सौ. अजून बोलत नाहीये), टाकल्या टाकल्या खाली गेला. बाजूच्या ग्लासात घरातल्या जुन्या टॉवेलचा तुकडा, तो आरामात तरंगत बसला.

आता खरी अडचण. या टॉवेलची अर्धी कमाल तिथल्या पाण्याची आहे, सोजा नदीचं पाणी एकदम मऊ, त्यात क्षार कमी, म्हणून सूत धुताना आणि रंगवताना कडक होत नाही. आपल्याकडे बोअरचं पाणी कसं आहे ते गिझरचा कॉइल उघडून बघा म्हणजे कळेल. मोठा टॉवेल आम्ही बोअरच्या पाण्यात मशीनला धुवत गेलो आणि तो हळूहळू राठ झाला, वर जाड असल्यामुळे पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळत नाही आणि वास मारतो. छोटा मात्र नळाच्या पाण्यात, वाघूर धरणाचं पाणी येतं त्यात, हाताने धुतो, तो अजून मऊ आहे. कंफर्ट वगैरे टाकायच्या भानगडीत पडू नका, हाताला गुळगुळीत लागतं पण धाग्यावर थर बसतो आणि टॉवेल पाणी ओढणंच सोडतो. पावडरपण कमी टाका, पिळून झाला की दोनदा झटका म्हणजे दोरे उभे राहतात, आणि मे महिन्याच्या उन्हात दिवसभर टाकू नका, अर्ध्या तासात आपलं ऊन त्याचा पापड करतं.

छोटा साधारण सातशे रुपयांना पडला. तान्हं बाळ असलेल्या घरात द्यायला याच्यापेक्षा चांगली वस्तू नाही. कोणी आणून देणार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की लाल-निळा-पांढरा लोगो असलेलं लेबल शिवलेलं बघूनच घे, नुसतं पाकिटावर इमाबारी लिहिलेलं चालणार नाही.